येण्याचा हेतू

शुक्रवारी रात्री मी उशांना अभ्रे चढवते,
बारा, आणि वर तीन,
कारण फोनवर सहा म्हणतात आणि गाडीतून नऊ उतरतात.
मामंजी पाखऱ्याच्या शिंगांना हिंगूळ लावतात.
पाच दिवस तो नुसता रवंथ करतो,
शनिवार-रविवार फेरीला तीनशे.
घरात सगळ्यात कमी काम त्याला,
सगळ्यात जास्त फोटो त्याचे.

सुरुवातीला लाज वाटायची.
चुलीपुढं बसलं की पाठीमागं चार मोबाईल,
"ताई, परत थापा ना जरा."
परत थापली. तव्यावरची करपली.
त्या दिवशी कळलं,
रोजच्याच कामाला, कुणी बघत असलं की,
वेगळा दर असतो.

तो दर तोंडातून काढायला मला दोन वर्षं लागली.
अंजिराच्या पाट्या गुलटेकडीला जायच्या तेव्हा
भाडं, हमाली, तोलाई कापून पट्टी यायची;
वाचायची, घडी घालायची,
साखरेच्या डब्याखाली सरकवायची.
आता तेच अंजीर झाडावरून तोडायला
माणसं दिवे घाट चढून येतात, माणशी पैसे मोजतात,
आणि चिकानं बोटं चुरचुरली की हसतात.
चुरचुर फुकट.

कामठ्यांची वैजंता भाकरीमागं आठ रुपये घेते.
दिवाळीत नवऱ्याला न विचारता मिक्सर आणला तिनं,
आणि विचारलं नाही, हे गावभर सांगितलं.
बाळकृष्ण कुंभाराचं चाक माळ्यावरून खाली उतरलं.
त्याची नीट मडकी कुणी नेत नाही;
स्वतः केलेलं वाकडं तेवढं नेतात,
मांडीवर धरून, गाडी हळू चालव म्हणत.
झेंड्यांचा तुषार हिंजवडीच्या गेटवर रात्रपाळी करायचा,
आत जाणाऱ्यांची नावं लिहायचा.
आता तसलीच माणसं त्याच्या ट्रॉलीत बसतात
आणि त्याला नाव विचारतात.

सगळंच गोड नाही.
विहिरीत चपला पडतात.
एकानं हरभरा उपटला तो बांधापलीकडचा,
ते भांडण अजून चालू आहे.

गेल्या पौषात एक म्हातारे आले,
मुलगा, सून, दोन नाती, पांढरी लांबलचक गाडी.
नाश्ता नको म्हणाले. खुरपं आहे का?
पँट गुडघ्यापर्यंत दुमडून
कांद्याच्या वाफ्यात उकिडवे बसले,
डाव्या हातानं पात सावरत
उजव्यानं हरळी, मुळीसकट.
हे कुणाला दाखवून येत नाही.
मी बांधावर उभी,
पाहुण्यांना द्यायची माहिती तोंडात तशीच.

उन्हं कलेपर्यंत चार वाफे झाले.
मांजरीला नऊ एकर होतं, ते म्हणाले.
आता तिथं टॉवर, त्यातल्या सहाव्या मजल्यावर आम्ही.
कुंडीत माती आहे थोडी.
मला पाणी घालू देत नाहीत. सांडतं.

आमच्या नोंदवहीत रकाने आहेत:
नाव, गाव, गाडीचा नंबर, येण्याचा हेतू.
लोक 'मजा' लिहितात, 'फॅमिली ट्रिप' लिहितात,
एका पोरानं 'बैल' लिहिलं होतं.
त्यांनी लिहिलं, खुरपणी.

मी बिल करायला बसले आणि अडले.
चार वाफे म्हणजे एका बाईचा अख्खा रोज.
वजा करायचा?
मामंजी सुपारी कातरत म्हणाले,
वजा केलास तर परत यायचा नाही तो.
पुरं बिल लावलं.
त्यांनी बोट जिभेला लावून नोटा मोजल्या,
बाजारातून आलेला माणूस मोजतो तशा.

गाडी गेली. संध्याकाळी खुरपं सापडेना.
वाफ्यात नाही, गोठ्यात नाही, पाण्याच्या टाकीपाशी नाही.
तिसऱ्या दिवशी सासवडच्या बाजारातून दुसरं आणलं.
खर्चाच्या पानावर लिहिलं: खुरपं एक, नव्वद.
त्या पानावर हेतूचा रकाना नसतो.